कूशाब ते फामागुस्ता : पूना हॉर्सच्या रणगाड्यांवरील नावे आणि सैनिकी स्मृतीचे स्वरूप

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंडीचे विजयस्मारक आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्तेखानाने कोकणात धाडलेल्या कारतलबखानाच्या सैन्याला छत्रपती शिवाजी महाराजांनी या अरुंद वाटेत गाठले आणि खानाला शरण येणे भाग पाडले. या विजयाची स्मृती भूमीशी बांधलेली आहे. कर्जत-खालापूर परिसरातील विद्यार्थी आजही तेथे जाऊन डोंगर, ओढा आणि वाट पाहू शकतो. रणांगण समोर असल्यामुळे स्मृतीला वेगळ्या आधाराची गरज भासत नाही.

ज्या सैन्याची रणांगणे परमुलखात विखुरलेली असतात, त्याच्यापुढे मात्र स्मृती कोठे जतन करावी हा प्रश्न उभा राहतो. अशा सैन्याने ती आपल्याबरोबर वाहून नेता येईल अशा वस्तूंवर कोरली वा रंगवली. निशाण, बिल्ला, विमानाच्या नाकावरील चित्र आणि रणगाड्यावरील नाव ही त्याची साधने होत. लष्करी इतिहासाच्या अभ्यासात या साधनांकडे बहुधा केवळ सजावट म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात पूना हॉर्स या रेजिमेंटच्या उदाहरणाच्या आधारे त्यांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

चिन्हांचे दोन मार्ग

विमानावरील चित्रे दोन मार्गांनी आली. पहिला मार्ग अनौपचारिक होता. दुसऱ्या महायुद्धात चीन आणि ब्रह्मदेशात लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन स्वयंसेवक दलाच्या विमानांवर शार्कचा उघडा जबडा रंगवलेला असे. ही कल्पना उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश विमानदळाच्या ११२ व्या स्क्वाड्रनवरून घेतलेली होती; त्या स्क्वाड्रनपूर्वी जर्मन विमानांवरही तसे जबडे दिसले होते. म्हणजे एकच चित्र परस्परांचे शत्रू असलेल्या सैन्यांत फिरत राहिले. त्यामागे कोणताही हुकूम नव्हता. वैमानिकांची हौस आणि अनुकरण एवढेच त्याचे मूळ होते.

दुसरा मार्ग औपचारिक मान्यतेचा होता. हिंदुस्थानातील संस्थानिक आणि शहरे यांनी युद्धनिधीला दिलेल्या देणग्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश स्क्वाड्रनांना त्यांची नावे देण्यात आली. १२२ वी ‘बॉम्बे’, १३२ वी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ आणि गायकवाडांच्या संस्थानावरून १२४ वी ‘बडोदा’ ही त्याची उदाहरणे होत. मुंबईच्या नावाच्या १३२ व्या स्क्वाड्रनच्या चिन्हावर बिबट्या होता, तर बडोद्याच्या स्क्वाड्रनच्या चिन्हावर मुंगूस. एका लढाऊ विमानासाठी पाच हजार पौंड ही ठोकळ रक्कम मानली जाई आणि देणगीदाराने सुचवलेले नाव विमानाच्या पुढील भागावर लिहिले जाई. परंतु ही नावे धारण करणारे वैमानिक मुंबईचे वा बडोद्याचे नव्हते. एप्रिल १९४६ मध्ये या तिन्ही स्क्वाड्रन बरखास्त झाल्या अथवा त्यांना अन्य क्रमांक मिळाले. त्याबरोबर ही नावेही व्यवहारातून गेली. नाव धारण करणाऱ्यांचा त्या नावाशी जिवंत संबंध नसल्यास ते किती अल्पायुषी ठरते, याचा हा पुरावा मानता येईल.

याउलट गोव्यातील दाबोळी येथील नौदलाच्या ‘हंसा’ तळाशी निगडित असलेल्या ३०० व्या नौदल हवाई स्क्वाड्रनचे ‘पांढरा वाघ’ हे चिन्ह टिकून राहिले. १९६० मध्ये ही स्क्वाड्रन सी हॉक विमानांसह उभारली गेली. १९७१ च्या डिसेंबरात ‘विक्रांत’ वरून उडालेल्या याच विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले चढवले. पुढे १९८३ पासून सी हॅरिअर आणि २०१६ मध्ये ती निवृत्त झाल्यावर मिग-२९के अशी विमाने बदलत गेली. यंत्र बदलले, चिन्ह बदलले नाही.

पूना हॉर्स आणि चांदीचा हात

पूना हॉर्सचा उगम मराठी सत्तेच्या अखेरच्या पर्वात आहे. जून १८१७ च्या पुणे कराराने दुसऱ्या बाजीराव पेशव्यावर कंपनीच्या नियंत्रणाखालील घोडदळाच्या खर्चाचा बोजा लादण्यात आला आणि त्यातून ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ उभे राहिले. पेशव्याच्या महसुलातून जन्मलेले हे दल काही महिन्यांतच पेशव्याविरुद्ध लढले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे त्याची तुकडी कंपनीच्या बाजूने होती. पुढे १९२१ मध्ये १८२० साली उभारलेल्या तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीच्या वारसदार रेजिमेंटशी तिचे एकत्रीकरण झाले.

या दोन्ही रिसाल्यांच्या इतिहासात ८ फेब्रुवारी १८५७ हा दिवस महत्त्वाचा आहे. त्या दिवशी इराणमध्ये, बुशायर बंदराच्या परिसरात, खुशाबची लढाई झाली. कंपनीच्या सैन्याचे नेतृत्व जेम्स आउट्रम याच्याकडे होते. खानदेशातील भिल्ल कोअरचा संस्थापक म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाला तो परिचित आहे. तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौकोनी व्यूह फोडला. घोडदळाने सज्ज पायदळाचा असा व्यूह भेदणे ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. त्या पराक्रमाबद्दल मूर आणि माल्कमसन या दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पूना हॉर्सच्या हाती इराणी रेजिमेंटचे निशाण लागले. त्याच्या शिरावर चांदीचा उघडा पंजा होता. त्यावर ईश्वरी हाताचे श्रेष्ठत्व सांगणारा अरबी मजकूर आणि हिजरी १०६६ हे वर्ष कोरलेले होते. हे वर्ष इसवी सन १६५५-५६ शी जुळते, म्हणजे जावळी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली तोच हा काळ. तेव्हापासून हा चांदीचा हात पूना हॉर्सच्या परंपरेचे प्रतीक ठरला.

या प्रतीकाची गुंतागुंत दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात कंपनीविरुद्ध उठाव झाला, त्याच वर्षाच्या आरंभी हिंदी स्वार कंपनीसाठी इराणात लढत होते. जिंकलेले निशाण त्यांच्या शौर्याचे होते, युद्धाचा हेतू मात्र त्यांचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर अशा चिन्हाचे काय करावे, याचे उत्तर रेजिमेंटने शब्दांनी नव्हे तर कृतीने दिले.

कूशाब आणि फामागुस्ता

१९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्याकडे होते. मुंबईत १९२३ साली जन्मलेल्या तारापोर यांचे शिक्षण पुण्यात झाले होते. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव ‘कूशाब’ होते. पाकिस्तानी पंजाबात खुशाब नावाचे शहर असल्याने या नावाविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. परंतु त्याचा संबंध १८५७ च्या इराणमधील रणांगणाशी आहे. ११ सप्टेंबर १९६५ रोजी फिलोरा येथे झालेल्या लढाईत आणि त्यानंतरच्या चढायांत जखमी अवस्थेतही तारापोर यांनी रणांगण सोडले नाही. १६ सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी शतकांपूर्वी इराण सोडले, त्या पारशी समाजातील एक सेनानी इराणी रणांगणाचे नाव लिहिलेल्या रणगाड्यातून भारतासाठी लढला, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारा आहे. साम्राज्याच्या युद्धातून आलेल्या नावाला या बलिदानाने प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा अर्थ दिला.

१९७१ मध्ये ही प्रक्रिया आणखी स्पष्ट झाली. १६ डिसेंबर रोजी बसंतर नदीच्या परिसरात, हणूतसिंग यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये होते. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला होता. रणगाडा पेटल्यावरही तोफ चालू असल्याचे कळवून त्यांनी तो सोडण्यास नकार दिला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरील बंदर आहे; परंतु भारतीय वाचकाला ते नाव आठवते ते रणगाड्यामुळे. येथे नावाने आपले मूळ स्थान मागे टाकले आणि ज्याने ते धारण केले त्याच्याशी ते एकरूप झाले.

अहिल्यानगरचा संग्रह

‘फामागुस्ता’ची डागडुजी करून तो अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) येथील चिलखती दल केंद्रात जतन करण्यात आला आहे. त्याच शहरात या केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून जपानी हा-गो रणगाड्यापर्यंत सुमारे पन्नास वाहने आहेत. त्यांतील एक ग्रँट रणगाडा नावाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्याच्या फिरत्या बुरुजात तोफेऐवजी प्रखर आर्क-दिवा असून बाहेर केवळ दिखाऊ नळी बसवलेली आहे. अरुंद फटीतून येणाऱ्या झोताने रात्री शत्रूचे डोळे दिपवणे हा त्याचा उद्देश होता. गुप्ततेसाठी ब्रिटिशांनी त्याला ‘कालवा संरक्षण दिवा’ असे दिशाभूल करणारे नाव दिले. कालव्यांच्या संरक्षणाशी त्याचा संबंध नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून सैनिकी नावांचे तीन प्रकार दिसून येतात. देणगीचे ऋण फेडणारे नाव निधी आणि सत्ता असेपर्यंत टिकते. ‘बडोदा’ हे त्याचे उदाहरण. सत्य झाकणारे नाव गुप्ततेची गरज संपताच केवळ कुतूहलाचा विषय उरते. दिवा बसवलेला ग्रँट त्याची साक्ष देतो. स्मरण वाहणारे नाव मात्र प्रत्येक पिढीच्या कृतीने नवा अर्थ धारण करते, आणि ‘कूशाब’ व ‘फामागुस्ता’ ही या प्रकारातील नावे आहेत. वसाहतकालीन वारसा पूर्णपणे टाकणे किंवा जसाच्या तसा मिरवणे, या दोहोंखेरीज त्याला नव्याने अर्थ देण्याचा तिसरा मार्गही असतो, हे त्यांवरून दिसते.

रणगाड्याची नोंद करताना त्याचे वजन, तोफेचा व्यास आणि निर्मितीचे वर्ष लिहिले जाते. त्यावरील नाव कोठून आले आणि ते कोणी धारण केले, याचीही नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी केली पाहिजे. उंबरखिंडीची स्मृती सांगण्यास डोंगर समर्थ आहे. परमुलखात लढलेल्यांच्या बाबतीत मात्र लोखंडावर रंगवलेली ही अक्षरेच पुष्कळदा त्यांचे स्मारक असतात.