एका माणसाचा आवाज, चौघांचे चेहरे : बोनी एम

‘बोनी एम’ची सुरुवात झाली तेव्हा तो समूह नव्हताच. 1975 च्या सुमारास पश्चिम जर्मनीतला निर्माता फ्रँक फारियन याने एक डिस्को गाणे रेकॉर्ड केले. खर्जातला पुरुषी आवाज त्याचा आणि उंच पट्टीतला कोरसही त्याचाच. तबकडीवर नाव हवे म्हणून त्याने एका ऑस्ट्रेलियन दूरदर्शन मालिकेतल्या गुप्तहेराचे नाव घेतले.

गाणे चालले, टीव्हीवर बोलावणी येऊ लागली, आणि मग रंगमंचासाठी माणसे शोधावी लागली. अखेर लिझ मिचेल, मार्सिया बॅरेट, मेझी विल्यम्स आणि बॉबी फॅरेल असा संच जमला. चौघेही मूळचे कॅरिबियन बेटांवरचे. ध्वनिमुद्रणात मात्र मुख्यतः लिझ, मार्सिया आणि फारियन गात. अंगात वीज संचारल्यासारखा नाचणारा बॉबी फारियनच्या आवाजावर नुसते ओठ हलवी. म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. प्रेक्षकांना बोनी एम दिसला तो त्याच्याच रूपात.

1976 च्या ‘डॅडी कूल’ने जर्मनीत पहिला क्रमांक गाठला. 1978 मध्ये ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ने ब्रिटन जिंकले. मूळ गाणे जमैकाच्या ‘मेलोडियन्स’चे, शब्दांचा आधार बायबलमधील स्तोत्रांचा, फारियनने त्याला डिस्कोचा ठेका दिला. त्याच वर्षी डिसेंबरात हा समूह मॉस्कोत गायला, पण ‘रास्पुतिन’ हे आपले गाणे वगळून.

1981 मध्ये बॉबी बाहेर पडला, डिस्कोची लाट ओसरली आणि 1986 मध्ये मूळ समूह थांबला. पुढे सदस्यांनी आपापले वेगळे ‘बोनी एम’ काढले.