परदेशी कसबी आणि स्वदेशी कामकरी : अमेरिकेतील एका कायद्याचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मुलेमुली आज अमेरिकेत नोकरी करीत आहेत. ‘एच-१बी’ हा शब्द घरातील आजीच्याही तोंडी रुळला आहे. परंतु या परवान्यामागील दीर्घ वादाची माहिती थोड्यांनाच असते. परदेशी कसबी माणूस तर हवा, पण त्याच्या येण्याने स्वदेशी कामकऱ्याची भाकरी जाऊ नये, हा तो पेच होय.

अमेरिकेने १८८५ साली करार करून परदेशी मजूर आणण्यास बंदी घातली. मात्र नव्या उद्योगास लागणारे कसबी कामगार देशात मिळत नसतील, तर त्यांना सवलत ठेवली. पुढे मजुरांच्या हितरक्षणात वंशद्वेषही मिसळला. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना दार बंद झाले, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला. १९४६ साली ते दार किंचित उघडले. तेही वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरते! १९५२ साली तात्पुरत्या कामासाठी ‘एच-१’ वर्ग निर्माण झाला व १९६५ साली मूळ राष्ट्रावर आधारलेले जुने कोटे रद्द झाले.

आजचा ‘एच-१बी’ परवाना १९९० च्या कायद्याने आला. त्यात वर्षाला ६५,००० ही मर्यादा घातली गेली. त्याचबरोबर परदेशी माणसास त्या भागातील प्रचलित वेतनाहून कमी देऊ नये, आणि संप चालू असता त्याच्या जागी त्यास आणू नये, अशी बंधनेही मालकांवर आली. हेतू चांगला होता; उणीव राहिली ती अंमलात. १९९८ साली असे परवानाधारक मोठ्या प्रमाणात ठेवणाऱ्या मालकांवर आणखी निर्बंध आले. परंतु ६०,००० डॉलर वार्षिक वेतन दिल्यास त्यांतून सूट मिळे. तो आकडा पुढे महागाई वाढली तरी बदलला नाही. २०१५ च्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांत स्वदेशी कर्मचाऱ्यांना आपल्याच जागी येणाऱ्यांस काम शिकवून घरी जावे लागले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता.

खरे मर्म वेगळेच आहे. ज्याचा परवाना एका मालकाच्या हाती, तो कमी वेतनाबद्दल तक्रार करण्यास कचरतो; आणि त्याचे मौन शेजारच्या स्वदेशी कामकऱ्याचेही वेतन खाली ओढते. २००० सालच्या कायद्याने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच नोकरी बदलण्याची मुभा दिली, ती दोघांच्याही हिताची ठरली. परंतु कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपुरताच असल्याने आपली माणसे वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठतात, आणि ती दोरी पुन्हा आवळली जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावणारे अध्यक्षीय फर्मान निघाले. शुल्काने माणसे कमी येतील; पण आलेल्या माणसाचे मालकावरील अवलंबन त्याने सुटत नाही.

म्हणून परदेशी निघालेल्या आपल्या तरुणांनी करारावर सही करण्यापूर्वी तेथील प्रचलित वेतन अवश्य जाणून घ्यावे. पूर्ण मोबदला मागण्यात त्यांचे हित आहेच. तेथील कामकऱ्याशी खरे सख्य जोडण्याचा मार्गही तोच आहे.