थिबा राजवाडा, रत्नागिरी

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा (१८५९–१९१६) याचे नजरकैदेतील निवासस्थान. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये राजधानी मंडाले पडली आणि थिबाच्या कोनबाउंग घराण्याची सत्ता संपली. राजाला आधी मद्रासला नेले. १८८६ मध्ये राणी सुपयालत व परिवारासह तो रत्नागिरीस आला. प्रजेशी त्याचा संपर्क राहू नये, एवढ्यासाठीच इंग्रजांनी हे समुद्राकाठचे आडबाजूचे गाव निवडले होते. त्याआधी १८५८ मध्ये त्यांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला ब्रह्मदेशातील रंगूनला धाडले, तीच ही नीती. फक्त दिशा उलटी.

जवळजवळ चोवीस वर्षे राजपरिवार बंगल्यांत राहिला. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. जांभा दगड आणि विटांची ही तीन मजली वास्तू उतरत्या छपरांची असून, अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरील लाकडी नक्षी व रंगीत काचा आवर्जून पाहाव्यात अशा आहेत. उंचवट्यावरून भाट्ये खाडी आणि अरबी समुद्र दिसतो. वाडा मोठा खरा, पण त्यात राहणारा राजा कैदीच होता, हे विसरता येत नाही.

राजवाड्याचे सुख थिबाला जेमतेम सहा वर्षे लाभले. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. मायदेशी दफन व्हावे ही कुटुंबाची मागणी इंग्रजांनी मानली नाही. राणीला १९१९ मध्ये परत जाता आले. पुढे वाडा सरकारी कामांसाठी वापरला गेला. आता तेथे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. थिबाची समाधी रत्नागिरीतच आहे. म्यानमारचे (पूर्वीच्या ब्रह्मदेशाचे) तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये तिचे दर्शन घेतले.