अद्भुताची गरज

१८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल सुरू झाला, तेव्हा इंग्लंडात रीजन्सी पर्व (१८११–१८२०) चालू होते. १८१३ च्या कादंबरीत जेन ऑस्टिनची एलिझाबेथ आलेले स्थळ नाकारते; त्या नकारातूनच कथा पुढे सरकते. आजचे इंग्रजी लेखक त्याच पर्वाच्या प्रणयात जादू मिसळतात, ती रुची वाढवण्यासाठी. आरंभीच्या मराठी कादंबरीला मात्र अद्भुताची निकड होती.

हळब्यांच्या 'मुक्तामाला'नंतर (१८६१) 'मंजुघोषा' (१८६८) लिहिणारे नारो सदाशिव रिसबूड प्रस्तावनेत कारण सांगतात: आपल्या विवाहादी रूढींमुळे नित्याच्या जीवनात रंजक काही उरत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय. बालविवाहाच्या समाजात जोडीदाराची निवड कल्पित राज्यातच शक्य होती. या कादंबऱ्यांना केवळ पलायनवादी म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. त्यांतील अद्भुत ही त्या समाजातील उणिवेची नोंदही आहे.