पेशवे आणि निजाम

साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्कने १७२४ मध्ये मुबारिझखानाला हरवून दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली, तेव्हा मराठ्यांची कुमक त्याच्या बाजूने होती. चारच वर्षांनी पालखेडला थोरल्या बाजीरावांनी त्यालाच कोंडीत पकडले. वाद दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई-सरदेशमुखीचा होता. हे हक्क १७१९ मध्ये बादशहाकडून शाहू छत्रपतींना मिळाले होते. छत्रपतीपदावर कोल्हापूरच्या संभाजींचाही दावा आहे, मग वसूल द्यायचा कोणाला, असा पेच काढून निजामाने तो अडवला होता. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याला शाहूंचा हक्क मान्य करावा लागला.

तहाने भांडण मात्र मिटले नाही. मोगलाईतल्या गावांत निजामाचा अंमलदार वसुलीला येई, तसाच मराठ्यांचा कमाविसदारही. या दुअंमलीची खरी झळ रयतेला बसली. दरबारांना मात्र बाकीचा हिशेब हे लढाईचे कायमचे निमित्त झाले. एक बाजू दुबळी पडली की दुसरी जुना करार उलटवी. उदगीरला १७६० मध्ये निजामाने ६० लाखांचा मुलूख गमावला. पानिपतानंतर निजामअली उलटून आला आणि १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणे लुटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला माधवरावांनी त्याची भरपाई करून घेतली.

तरीही टिपूविरुद्ध दोघे एकत्र लढले, कारण कृष्णा-तुंगभद्रेकडचा धोका दोघांनाही सारखाच होता. गोविंदराव काळे यांच्यासारखे वकील हैदराबादेत राहून बोलणी चालू ठेवीत. युद्धाच्या तोंडावरही हा धागा तुटत नसे.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांचा मोठा विजय झाला. निजामाने मुलूख आणि मोठी रक्कम कबूल केली, दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्यात ओलीस आला. पण ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वारले आणि गादीचा तंटा पेटला. नाना फडणविसांना आधार हवा होता, म्हणून त्यांनी त्याच ओलीस दिवाणाशी संधान बांधले. १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याचा मुलूख परत देण्याचे आणि बाकी सोडण्याचे ठरले. रणात मिळवलेले घरच्या तंट्यात दोन वर्षांच्या आत गेले. मराठी मुत्सद्देगिरीच्या इतिहासात याहून क्लेशकारक व्यवहार थोडेच असतील.

खर्ड्याला इंग्रज तटस्थ राहिले होते, ही गोष्ट निजामाच्या मनात सलत होती. तरी १७९८ मध्ये त्याने त्यांचीच तैनाती फौज स्वीकारली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली. त्या तहाने निजामाकडील पेशव्यांच्या दाव्यांचा निवाडा कंपनीकडे गेला.