अलाइनमेंट बिघडली की फक्त टायरच झिजतात का?

खड्ड्यात आदळल्यानंतर गाडी सपाट रस्त्यावरही एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली असू शकते. चाकांची तोंडं प्रमाणाबाहेर आत किंवा बाहेर वळली, की टायर नुसता फिरत नाही, घासतही जातो. त्यावरून आडवा हात फिरवा. एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीसारखं लागेल. हाच आडवा ताण टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बेअरिंगवरही येतो.

पण अनेकदा गोष्ट उलटी असते. झिजलेल्या बुश किंवा बॉल जॉइंटमुळेच अलाइनमेंट बिघडते आणि तो भाग न बदलता केलेलं सेटिंग टिकत नाही. पैसे मात्र जातात. त्यामुळे गाडी मशीनवर घेण्याआधी मेकॅनिकला चाकांचा प्ले बघायला सांगा. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा बॅलन्सिंग करावं लागेल. ते काम वेगळं.