कर्क्युमिनाचे शोषणमापन

हळदीच्या मूलक्षोडात (जमिनीतील खोडात) असलेले कर्क्युमीन हे पिवळे द्रव्य तोंडाने घेतले असता त्याचा किती अंश मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो, हे ठरविण्याच्या पद्धतींना कर्क्युमिनाचे शोषणमापन म्हणता येईल. वनौषधीतील एखादे द्रव्य परीक्षानळीत गुणकारी ठरले, तरी तेवढ्याने ते शरीरात कार्य करीलच असे नाही. ते आतड्यात विरघळावे लागते, आतड्याच्या भित्तीतून पार व्हावे लागते आणि यकृतातून न बदलता पुढे जावे लागते. या तिन्ही टप्प्यांवर कर्क्युमिनाची मोठी घट होते. म्हणून वनौषधींच्या शोषणाच्या अभ्यासात त्याला उदाहरण म्हणून विशेष महत्त्व आले आहे.

मापनासाठी प्रथम शुद्ध द्रव्य हाती असावे लागते. फोगेल व पेल्त्ये यांनी १८१५ मध्ये हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढून त्याला कर्क्युमीन हे नाव दिले. त्याची रासायनिक संरचना मात्र १९१० मध्ये निश्चित झाली. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील आर्. सी. श्रीमल व बी. एन्. धवन यांनी १९७३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा दाहशामक गुण दाखवून दिला. त्यानंतर ते शरीरात किती पोहोचते हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

स्वीडनमधील व्हालस्ट्रोम व ब्लेनो यांनी १९७८ मध्ये उंदरांना दर किग्रॅ. वजनास १ ग्रॅ. कर्क्युमीन तोंडाने दिले. त्यापैकी सु. ७५% विष्ठेवाटे बाहेर पडले आणि रक्तद्रवात ते नगण्य प्रमाणात आढळले. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेत व्ही. रवींद्रनाथ व एन्. चंद्रशेखर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०० मिग्रॅ. मात्रा वापरली. चोवीस तासांनंतर उंडुक व मोठे आतडे यांत ३८% कर्क्युमीन शिल्लक होते; त्यावरून सु. ६०% शोषले गेले असे अनुमान निघाले. तथापि हृदयातील रक्तात ते मुळीच सापडले नाही व आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या नीलेतील रक्तात त्याचा केवळ लेश मिळाला. मूत्रातील ग्लुकुरोनाइड व सल्फेट संयुगे मात्र वाढली होती. आतड्यातून नाहीसे होणे व रक्तात मूळ रूपात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अभ्यासावरून स्पष्ट झाले. शोषण होताच आतड्याची भित्ती व यकृत यांतील एंझाइमे कर्क्युमिनाचे रूपांतर करून टाकतात.

हे रूपांतर रोखण्याचा मार्ग मिरीत सापडला. सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या त्रिकटू या मिश्रणाचा आयुर्वेदात अनेक कल्पांत समावेश असतो. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल व त्यांचे सहकारी यांनी त्याचा औषधांच्या शोषणावरील परिणाम तपासला. मिरी व पिंपळी यांतील पिपेरीन रूपांतर करणाऱ्या एंझाइमांना अवरोध करते, असे त्यांनी १९८५ मध्ये दाखविले. पुढे १९९८ मध्ये बंगलोर येथील जी. शोबा व त्यांचे सहकारी यांनी निरोगी व्यक्तींना २ ग्रॅ. कर्क्युमिनाबरोबर २० मिग्रॅ. पिपेरीन दिले आणि रक्तातील उपलब्धी २,०००% वाढल्याचे नोंदविले. उंदरांमध्ये ही वाढ १५४% होती. माणसांतील आकडा अनेक ठिकाणी उद्धृत होतो. परंतु केवळ कर्क्युमीन दिल्यावर रक्तातील त्याची पातळी अत्यल्प वा अमापनीय होती, हे लक्षात घेतले पाहिजे. जवळजवळ शून्य असलेल्या राशीची अनेक पट वाढही प्रत्यक्षात लहानच राहू शकते.

मापनपद्धतीनुसारही निष्कर्ष बदलतो. द्रव वर्णलेखनाने रक्तातील घटक वेगळे करून मोजण्यापूर्वी नमुन्यावर ग्लुकुरोनिडेज या एंझाइमाची क्रिया केल्यास संयुगे फुटून पुन्हा कर्क्युमीन मुक्त होते व आकडा फुगतो. अशी एकूण राशी आणि मुक्त कर्क्युमिनाची राशी यांची तुलना करणे योग्य नव्हे. शिवाय उदासीन विद्रावात कर्क्युमीन टिकत नाही. १९९७ च्या एका अभ्यासात ७·२ पीएच मूल्याच्या व ३७° से. तापमानाच्या, रक्तरस नसलेल्या विद्रावात त्याचे अर्ध्या तासात सु. ९०% विघटन झाले. त्यामुळे नमुना हाताळण्यातील विलंबही मापनात दोष आणू शकतो.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ व्यक्तींना १२ ग्रॅ. पर्यंतच्या एकेरी मात्रा दिल्या गेल्या. केवळ १० व १२ ग्रॅ. घेतलेल्या दोघांच्याच रक्तात थोडे कर्क्युमीन आढळले. हळदीत ते ३% धरल्यास १२ ग्रॅ. म्हणजे ४०० ग्रॅ. हळदीतील कर्क्युमीन होय. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीवरून औषधी परिणामाचे अनुमान करणे म्हणूनच सयुक्तिक ठरत नाही. आतड्यातील स्थानिक परिणामाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

शोषण वाढविणे हे नेहमीच हितकर असते असेही नाही. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या पूरकांशी निगडित दहा रुग्णांचा वृत्तांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिन्हींत पिपेरीनही होते. इजेस पिपेरीनच कारण होते असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि एंझाइमांचा अवरोध हा शरीराच्या एका संरक्षक व्यवस्थेचाच अवरोध असतो. त्याच वेळी घेतलेल्या अन्य औषधांची रक्तातील पातळीही त्यामुळे वाढू शकते. म्हणून द्रव्य रक्तात किती पोहोचले याबरोबरच ते कोणत्या रूपात पोहोचले, किती काळ राहिले व त्यापासून अपाय होतो का, हेही मोजल्याविना त्याची औषधी मात्रा ठरविता येत नाही.